साठीनंतर कर्ज नाही, असा नियमच नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: साठीनंतर कर्ज देऊ नये हा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे, त्यात भेदभाव कसला? या वयात हप्ते कोण भरणार? माणूस गेला की कर्ज बुडालं. आणि म्हातारपणी कर्ज हवंच कशाला? आमच्या माहेरच्या ग्रुपवर तो तीनदा आला. तिसऱ्यांदा आला त्याच आठवड्यात आई बँकेतून हात हलवत परत आली होती.

आई ६४ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली. पेन्शन ३२ हजार. स्लॅब गळतो, त्याच्या दुरुस्तीसाठी २ लाख हवे होते. पेन्शन जमा होते त्याच शाखेत ती गेली. पासबुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), आधार, सगळं पिशवीतून काढून टेबलावर मांडलं. साहेबांनी आधार उचललं, जन्मतारीख बघितली आणि म्हणाले, "आजी, मुलाच्या नावावर करा ना." पासबुक उघडलंसुद्धा नाही. फॉर्मही दिला नाही.

आता तो 'नियम'. साठीनंतर कर्ज देऊ नका, असं रिझर्व्ह बँकेने कुठेही म्हटलेलं नाही. वयाची मर्यादा प्रत्येक बँक आपल्या धोरणात ठरवते, आणि तीही बहुधा कर्ज फिटण्याच्या वेळचं वय किती असावं याची असते. गृहकर्ज बहुतेक ठिकाणी सत्तरीपर्यंत, काही ठिकाणी पंचाहत्तरीपर्यंत फिटावं लागतं. स्टेट बँकेच्या पेन्शन कर्जाला तर ७५ वर्षांचा पेन्शनरही अर्ज करू शकतो. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१४ मध्ये ग्राहक हक्कांची सनद काढली. तिच्यात लिंग, धर्म, जात, शारीरिक क्षमता यांच्या जोडीने वयाचंही नाव घेऊन म्हटलंय की या कारणांवरून ग्राहकाशी अन्याय्य भेदभाव होऊ नये. मात्र बँकांनी कर्ज देताना कसं वागावं याची जी संहिता रिझर्व्ह बँकेने मे २००३ मध्ये काढली, तिच्यात लिंग, जात आणि धर्म एवढेच शब्द आहेत, वय नाही. ही उणीव खरी आहे आणि ती भरून निघायला हवी. अमेरिकेत कर्ज देताना भेदभाव करायला मनाई करणाऱ्या समान पतसंधी कायद्यात १९७६ पासून वय आहे. तिथे पतगुण (अर्जदार कर्ज फेडेल का हे जोखणारे गुण) काढताना ६२ आणि त्यापुढच्या अर्जदाराचे गुण वयामुळे कमी करता येत नाहीत.

हप्ते कोण भरणार? ज्याची पेन्शन आहे तोच भरणार. २ लाख, ३ वर्षं, साडेदहा टक्के व्याज धरलं तर हप्ता येतो साधारण ६,५०० रुपये. म्हणजे ३२ हजारांतला पाचवा हिस्सा. आणि ही पेन्शन त्याच शाखेत येते. कर्ज फिटेपर्यंत पेन्शनचं खातं दुसरीकडे हलवणार नाही, असं पेन्शनरकडून लिहून घेण्याची पद्धत आहे. खासगी नोकरीतल्या तिशीच्या मुलाची नोकरी उद्या टिकेल याची एवढी खात्री कोण देतं?

बँकेची बाजूही सांगते. वयाचा हिशेब धरणं मुळातच चूक आहे, असं माझं म्हणणं नाही. ६२ व्या वर्षी १० लाखांचं गृहकर्ज घेतलं आणि ते सत्तरीपर्यंत फेडायचं असेल, तर ९ टक्क्यांनी हप्ता १४,६५० च्या आसपास जातो. तेच कर्ज २० वर्षांचं असतं तर ९ हजार. उत्पन्नाला हा मोठा हप्ता झेपत नसेल तर रक्कम कमी होणार, आणि ते रास्तच आहे. पण हा हिशेब मांडायला आधी उत्पन्न बघावं लागतं. आईच्या बाबतीत कागदावर पेन टेकलाच नाही.

"आता किती दिवस राहिलेत" या बोलण्यात एक गफलत असते. लोक जन्माच्या वेळचं सरासरी आयुर्मान, सत्तरच्या आसपासचं, धरतात आणि त्यातून आजचं वय वजा करतात. ते चूक आहे. त्या सरासरीत बालपणी गेलेलेही असतात. भारतात साठी गाठलेला माणूस त्यापुढे सरासरी सतरा-अठरा वर्षं जगतो. ३ वर्षांच्या कर्जासाठी हे पुरेसं नाही का?

माणूस गेला तरी कर्ज आपोआप बुडत नाही. वारसांच्या हाती जेवढी मालमत्ता येते तेवढ्यापुरती ती जबाबदारी त्यांच्याकडे जाते. घर तारण असेल तर ते तारणच राहतं. शेतकऱ्याचं उदाहरण घ्या. किसान क्रेडिट कार्डासाठी साठीच्या पुढे बऱ्याच बँका वारसाला सहकर्जदार म्हणून घेतात आणि पीककर्ज देतात. सत्तरीतला बाप पेरणी करतो, बँकही त्याला कर्ज देते. मग शहरातल्या शाखेला हा मार्ग का सुचू नये?

आणि कर्ज कशाला हवं, हे विचारणारे आपण कोण? २००७ मध्ये सुरू झालेली रिव्हर्स मॉर्गेज योजना तर साठीपुढच्यांसाठीच आहे: घर तारण ठेवायचं, बँक पैसे देते, हयात असेपर्यंत आणि त्या घरात राहत असेपर्यंत परतफेड नाही.

आता तक्रारीचं. बँकेने व्यावसायिक विचाराने कर्ज नाकारलं तर बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मिळत नाही, त्या योजनेत अशा तक्रारी वगळलेल्या आहेत. म्हणून तोंडी 'नाही' ऐकून उठू नका. अर्जाची पोच देणं आणि नाकारल्यास मुख्य कारण लेखी कळवणं, ही बँकांची जबाबदारी त्या २००३ च्या संहितेतच आहे.

पुढच्या सोमवारी आई परत गेली, मीही सोबत होते. तिने हाताने लिहिलेला अर्ज पुढे केला आणि म्हणाली, "पोच द्या. आणि देणार नसाल तर का ते लिहून द्या." साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. मग तिचं पासबुक ओढून घेतलं आणि पहिलं पान उघडलं.