कोंढाणा गेला कसा, तेही सांगा की

आतकरवाडीतून वर जायला मला ५५ मिनिटं लागतात. हे इथे सांगायची काही गरज नव्हती, पण सिंहगड चढणारा पुणेकर वेळ सांगितल्याशिवाय पुढे बोलतच नाही.

गेल्या रविवारी नागपूरच्या मावसभावाला घेऊन गेलो. तानाजींच्या समाधीपाशी मी नेहमीची टेप लावली. घोरपड, शेलारमामा, कापलेले दोर, "गड आला पण सिंह गेला". त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण मुळात गड गेला कसा होता रे?"

"पुरंदरचा तह," म्हणालो आणि गप्प बसलो. पुढचं येत होतं कुठे!

घरी येऊन पुस्तकं काढली. महाराजांनी हा गड दोनदा सोडला होता. पहिल्यांदा १६४९ मध्ये. शहाजीराजे आदिलशाहीच्या कैदेत, त्यांच्या सुटकेसाठी कोंढाणा परत द्यावा लागला. तेव्हा महाराजांचं वय एकोणीस. काही वर्षांनी गड पुन्हा घेतला. मग जून १६६५, मिर्झाराजे जयसिंगांशी तह. २३ किल्ले मुघलांना, स्वतःकडे फक्त १२. त्या तेविसात हा.

आता गडावरून स्वच्छ हवेत बघा, समोर राजगड दिसतो. तेव्हाची राजधानी. म्हणजे जवळजवळ पाच वर्षं राजधानीच्या डोळ्यांसमोर मुघलांचं ठाणं! हे कळल्यावर ४ फेब्रुवारी १६७० ची ती रात्र मला पहिल्यांदा नीट कळली. नुसतं शौर्य म्हणून ऐकत होतो इतकी वर्षं. त्यामागे किती दिवस दात-ओठ खाऊन गप्प बसणं होतं, ते आम्हाला कुणी सांगितलंच नाही. सोडलेल्या गडाची गोष्ट सांगताना आपल्याला उगाच कमीपणा वाटतो. मला तर एकोणीस वर्षांच्या मुलाने बापासाठी गड देणं हे कडा चढण्याइतकंच मोठं वाटतं. पटत नसेल तर भांडू, पण खाली.

आणि हो, 'सिंहगड' हे नाव तानाजींच्या आधीचं आहे, १६६३ च्या पत्रात ते सापडतं. हे कट्ट्यावर सांगितलं तर दोन मित्र अजून बोलत नाहीयेत.

त्याही आधी, १३२८ च्या सुमारास, नाग नायक नावाच्या कोळी सरदाराने मुहम्मद तुघलकाच्या फौजेला इथे आठ महिने झुंजवलं होतं. त्याच्याबद्दल मी वर कधी कुणाला बोलताना ऐकलेलं नाही. राजाराम महाराजही इथेच गेले, मार्च १७०० मध्ये. त्यांच्या समाधीवरून मी शंभरदा तरी गेलो असेन, भज्यांच्या वासामागे.

त्या दिवशीही तेच झालं. पिठलं-भाकरी, ठेचा, वर मडक्यातलं दही. भावाने दुसरं मडकं मागवलं आणि म्हणाला, "दरवाजे किती आहेत गडाला?"

कल्याण दरवाजा तेवढा ठाऊक होता. तिकडे नेला, बाकीचं त्यालाच मोजायला लावलं.