मॉडेलने 'नाही' म्हटलं म्हणून ओढा रिकामा होत नाही

सध्या एक मेसेज खूप फिरतोय, की दुर्मिळ माशासाठी अख्खी नदी राखायची गरज नाही, एकदा सर्वे करा, मॉडेल (म्हणजे पाण्याची खोली, वेग, तळ यांवरून मासा कुठे असेल याचा अंदाज देणारं गणित) चालवा आणि मॉडेल ज्या पट्ट्याला 'नाही' म्हणेल तो वाळू काढायला, बांध घालायला मोकळा करा. वाचायला सोपं वाटतं, पण ज्या गृहीतकांवर ते उभं आहे ती एकेक करून बघा.

"सर्वेत सापडला नाही म्हणजे मासा तिथे नाही." अहो, सापडला नाही एवढंच कळलं ना! समजा मासा आहे आणि एका खेपेत तो सापडण्याची शक्यता ३० टक्के आहे, तर तीन खेपा करूनही ३४ टक्के वेळा तुम्ही रिकाम्या हाताने परत येणार, आणि पाणी गढूळ किंवा डोह खोल असेल तर त्याहून जास्त वेळा. त्याच जागी परत परत जाऊन ही चूक वेगळी मोजायची पद्धत आहे, ती न वापरता काढलेल्या नकाशात मासा कुठे राहतो यापेक्षा कुठे सहज सापडतो हेच दिसतं.

"एका नदीचं मॉडेल दुसरीकडेही चालतं." हे सगळ्यात घातक. अमेरिकेतला रोआनोक लॉगपर्च घ्या, १९८९ मध्ये संकटग्रस्त म्हणून जाहीर झालेला. हा मासा तोंडाने खडे उलटे करतो आणि खालचे किडे खातो. रोआनोक नदीत मोठे मासे खोल आणि जोरात वाहणाऱ्या पाण्यात दिसले, नॉटोवे नदीत मात्र तेच मोठे मासे खोल पण संथ पाण्यात, म्हणजे पहिल्या नदीचा वेगाचा आकडा दुसरीला लावला असता तर नेमकी त्यांची राहायची जागाच 'नको' म्हणून कापली गेली असती. दोन्हीकडे सारखं होतं ते तळाशी: गाळ नाही आणि खडे सुटे. साहजिकच आहे, गाळात रुतलेला खडा त्याला उलटताच येत नाही, मग खाणार काय?

"मोठे मासे जिथे आहेत तेवढं राखलं की बास." याच माशाची पिल्लं उथळ, संथ पाण्यात वाढतात. ती जागा गेली तर मोठे मासे येणार कुठून?

"पण आम्ही वेग मोजलाय." मोजलाय, पण कुठे? उथळ पाण्यात साधारणपणे वरून एकूण खोलीच्या ६० टक्के खाली मोजतात, आणि तळाला राहणारा मासा बसलेला असतो गोट्याच्या आडोशाला, जिथे पाणी जवळजवळ थांबलेलं असतं. म्हणजे माशाच्या नावावर लिहिलेला वेग त्याच्या डोक्यावरच्या पाण्याचा.

मॉडेल नकोच असं मी अजिबात म्हणत नाही, पुढे कुठे शोधायचं हे सांगायला ते फार उपयोगी आहे, फक्त ते वापरून शोध थांबवू नका. लॉगपर्च १९८९ मध्ये १४ ओढ्या-नद्यांत माहीत होता, शोध आणि संवर्धन दोन्ही चालू राहिलं आणि आकडा ३१ वर गेला.