टॉकीज मोबाइलनं नाही, मुतारीनं मारलं

साताऱ्याला हायवेलगत एखादं ड्राइव्ह-इन थिएटर निघावं, असा विषय आमच्या मित्रांत अधूनमधून निघतोच. गाडीत बसून सिनेमा, आवाज गाडीतल्याच एफएमवर, पडद्यामागं अजिंक्यतारा. ऐकायला झकास आहे. पण मी या पार्टीत नाही. का नाही, ते इथं सविस्तर लिहितो, कारण कट्ट्यावर मला कुणी पुरतं बोलू देत नाही.

ड्राइव्ह-इन ही मुळात अमेरिकेतली सोय. १९३३ साली न्यू जर्सीतल्या कॅम्डेनला पहिलं निघालं. घरटी गाडी आणि गावाबाहेर स्वस्त जमीन, मग काय, तिकडं ते फोफावलं. १९५० च्या दशकात चार हजारांच्या घरात गेलं, आता तीनेकशे उरलीत. जमिनीला भाव आला की आधी तीच विकली गेली. आपल्याकडं अहमदाबादला १९७३ पासून आहे, त्या रस्त्यालाच ड्राइव्ह-इन रोड म्हणतात. मुंबईत बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, २०२१ मध्ये मॉलच्या गच्चीवर सुरू झालं.

आता साताऱ्याचं बघा. जून ते सप्टेंबर पावसात पडदा दिसायचा नाही. मे महिन्यात सात वाजून गेले तरी उजेड असतो, म्हणजे पहिला खेळ साडेसाताला आणि दुसरा साडेदहाला. दिवसाला दोन खेळ, वर्षाचे आठ महिने, आणि जागा हायवेची. कोण घालणार पैसे? शिवाय निम्मा सातारा दुचाकीवर. त्यांनी काय हेल्मेट घालून बसायचं?

आणि उघड्यावरच्या सिनेमाचं कौतुक आपल्याला कुणी शिकवू नये. ड्राइव्ह-इन हा शब्द कानावर पडायच्या आधी आम्ही जत्रेतला तंबू बघितलाय. पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा डिसेंबरच्या आसपास येते. रथाला नोटांच्या माळा, एकीकडं बैलबाजार आणि दुसरीकडं ओळीनं तंबू टॉकीज. लोक बैलगाडीतनं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतनं यायचे. प्रोजेक्टर ट्रकात. अंधार पडल्याशिवाय खेळ नाही, कारण कापडातनं उजेड आत येतो. तोवर भोंग्यावर एक माणूस घसा फोडून हिरोची नावं घ्यायचा, शेजारच्या तंबूतला दुसरी नावं घ्यायचा, आणि मधे उभं राहिलं की दोन सिनेमांचा मिळून तिसराच तयार व्हायचा. आत खाली बसायचं. थंडी अशी की घोंगडं नसलेला माणूस इंटरव्हलला शेकोटी शोधत फिरायचा. पडद्याच्या मागच्या बाजूला बसलेल्यांना सगळं उलटं दिसायचं, हिरो डावखुरा. त्याचीही तक्रार नसायची.

ते तंबू गेले. आधी व्हिडिओ आला, मग घरोघरी टीव्ही, मग मोबाइल. त्याचं मला फार दुःख नाही. फिरता धंदा होता, काळ फिरला तसा तोही गेला. मला राग आहे तो पक्क्या भिंतींच्या टॉकीजबद्दल, जी जगू शकली असती.

आपल्या भागाला तमाशागृह, नाटकगृह, टॉकीज यांचं वेड आजचं नाही. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं, म्हणून तिला नाट्यपंढरी म्हणतात. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी सिनेमा कंपनी काढली, १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी तिथंच जन्मली. अशा मुलखात तालुक्याच्या गावाला एक टॉकीज असणं ही ऐट नव्हती, रीत होती.

यातल्या एका टॉकीजची (गाव सांगत नाही, मालक ओळखीचे आहेत) ऑपरेटरची खोली मी आतनं बघितली आहे. जिना इतका अरुंद की तिरकं होऊन चढायचं. खोलीत दोन प्रोजेक्टर शेजारी शेजारी. प्रोजेक्टरच्या आत बल्ब नाही. कार्बनच्या दोन कांड्या, टोकाला टोक जवळ आणून मधे ठिणगी पेटवायची. कांडी जळत जाते तशी ती चाक फिरवून पुढं सरकवत राहायची, नाहीतर पडदा पिवळा पडतो आणि खालून शिट्ट्या. एक मोठं रीळ वीसेक मिनिटं चालायचं. संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात बारीक ठिपका येतो. पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशीनची मोटर चालू, दुसऱ्याला उजेड तिकडं. आपण तीन तास सलग सिनेमा बघतो असं वाटायचं, पण वर एक माणूस दर वीस मिनिटांनी धडपडत असायचा. त्या काकांच्या उजव्या हाताच्या बोटांवर भाजल्याचे डाग होते. "पेटी वेळेवर आली की मी राजा," म्हणायचे. पेटी म्हणजे सिनेमाची रिळं. ती एसटीच्या टपावरनं यायची आणि मोठ्या शहरांत झिजून झिजून आमच्याकडं पोचायची, त्यामुळं आमच्या गावच्या प्रत्येक सिनेमात ओरखड्यांचा पाऊस पडायचा.

इथपर्यंत सगळ्यांना आवडतं. हे असं लिहिलं की हजार लाईक पडतात. आता न आवडणारं लिहितो.

ही टॉकीज घाण होती. खुर्चीत ढेकूण, भिंतीला पानाच्या पिचकाऱ्या, पंखे खडखडणारे. मुतारीचा वास इंटरव्हलच्या आधी दहा मिनिटं आत यायला लागायचा, घड्याळ बघायची गरज नाही. आणि बायकांची सोय? एक खोली, तिला दार, दाराला कडी नाही. १९९१ साली 'माहेरची साडी' लागला तेव्हा खेड्यांतनं बायका टेम्पो भरभरून आल्या. आमची आई, मावशी, शेजारच्या काकू सगळ्या गेल्या. आई नंतर कितीतरी वर्षं सांगायची की सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता, कारण तिथं जायची वेळ येऊ नये. डोळ्यातलं पाणी आणि घशाला कोरड, असा तो सिनेमा तिनं बघितला. पदरानं तोंड पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "सिनेमा चांगला हाय, पण परत नगं."

धंदा तिथं बसला. घरातली बाई येत नाही म्हटल्यावर पोरं येत नाहीत, कुटुंब येत नाही. उरली ती कॉलेज बुडवणारी टाळकी. मग मालक त्यांच्या आवडीचे सिनेमे लावणार, पोस्टर तसली डकवणार, आणि उरलेली कुटुंबंही समोरनं जाताना मान फिरवणार. घरोघरी टीव्ही आणि हातोहाती मोबाइल यायच्या आधीच हे सुरू झालं होतं. त्यांच्या नावानं आपण उगाच खडे फोडतो.

मालकांची बाजूही आहे, ती लपवणार नाही. करमणूक कर महाराष्ट्रात ४५ टक्क्यांपर्यंत होता. तिकिटातला एवढा पैसा सरकारला दिल्यावर फरशी कशानं बसवायची? २०१७ च्या जुलैत तो जाऊन जीएसटी आला, आणि २०२५ च्या सप्टेंबरपासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर तो ५ टक्के झालाय. छोट्या गावातल्या टॉकीजला याहून बरी वेळ आली नव्हती. दुसरी अडचण जागेची. टॉकीज पाडलं तरी त्या जागी छोटं का होईना सिनेमागृह ठेवायची अट नियमांत असते, म्हणून कित्येक मालक ना चालवतात ना पाडतात. कुलूप, बोर्डाची दोन अक्षरं गळालेली, आवारात भाड्यानं लावलेल्या गाड्या. आणि लोक येऊन त्या कुलपाचे फोटो काढून 'गेले ते दिवस' लिहितात! अरे, दिवस होते तेव्हा तुम्ही पुण्याला जाऊन मल्टिप्लेक्समध्ये बघत होता.

प्रेक्षक नाही, हे मला मान्य नाही. २०१६ ला 'सैराट' आला तेव्हा आपल्याच रहिमतपूरला रात्री बाराचा आणि पहाटे तीनचा खेळ लावावा लागला होता. पहाटे तीनला! दूध घालायला निघायच्या वेळेला लोक सिनेमाला निघाले. तसला सिनेमा रोज येत नाही, ठीक आहे. पण माणसं आहेत, गाड्या आहेत, ऐंशी-शंभर रुपये खिशात आहेत.

म्हणून ड्राइव्ह-इनवाल्या मित्रांना माझं म्हणणं एवढंच: तेवढ्या पैशात एक बंद टॉकीज चालवायला घ्या. पडदा, डिजिटल प्रोजेक्टर आणि आवाज हे सगळं नंतर. सुरुवात मागच्या बाजूनं करा. फरशी, नळाला पाणी, एक झाडणारी बाई पूर्ण पगारावर. उद्घाटनाला नट बोलावू नका, गावातल्या बचत गटाच्या बायकांना बोलावा आणि पहिला खेळ त्यांना फुकट दाखवा. पुढं गावाला त्याच सांगतील.

आता कमेंटमध्ये लिहा. सातारा-सांगली जिल्ह्यांत, तुमच्या माहितीत, अजून चालू असलेलं एकपडदा टॉकीज कुठलं? तिकीट कितीला आहे? आणि जाऊन आलेल्या ताई-वहिनींनी एवढं जरूर सांगा, दाराला आतनं कडी आहे का?