चेहऱ्याची लाली आगळाने जात नाही

चवथीच्या आधीपासून एक मेसेज फिरतोय. माझ्याकडे तो चार ग्रुपांतून आला आणि शेवटी माशेलच्या मावशीनेही पाठवला. त्यात म्हटलंय की गाल-नाक लाल होणं म्हणजे पित्त. त्यावर आगळ (कोकमाचा मिठातला रस) लावा, बेसन-लिंबाने चोळा, वाफ घ्या, सनस्क्रीन बंद करा. आणि लाली फारच वाढली तर फार्मसीतून ‘ती ट्यूब’ आणा, रंगही उजळतो. रोझेशिया, म्हणजे चेहऱ्यावर लाली टिकून राहणारा त्वचेचा आजार, काय तो गोऱ्या परदेशी लोकांना होतो.

मला सहा वर्षं रोझेशिया आहे, म्हणून यातलं एकेक घेते.

आधी पित्ताचं. पित्ताच्या गांधी अंगावर कुठेही उठतात, खाजतात आणि एका जागची गांध बहुतेक वेळा 24 तासांत बसते. त्यावर आपल्याकडे आगळ चोळतात, थंड वाटतं, ठीक आहे. रोझेशिया गाल, नाक, कपाळ, हनुवटी धरून बसतो. सुरुवातीला उन्हातून आलं, हुमण (माशांची आमटी) जरा तिखट झालं, चुलीपुढे उभं राहिलं की तोंड तापतं आणि निवतं. पुढे ते निवतच नाही. बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुळ्या येतात, पण मुरमांतले काळे ठिपके नसतात. काहींचे डोळेही चुरचुरतात. अशा त्वचेचं वरचं आवरण मुळातच कमकुवत असतं. त्यावर खारट-आंबट आगळ लावून बघा, कळ डोक्यात जाते.

लिंबाचा रसही आंबटच, आणि तो लावून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे फोड आणि काळे डाग येऊ शकतात. वाफेने रक्तवाहिन्या आणखी फुलतात. पार्लरमध्येही वाफ आणि स्क्रबला सरळ नाही म्हणा.

सावळ्या त्वचेवर लाली पटकन दिसत नाही, त्यामुळे आपल्याकडे निदानच उशिरा होतं. आजार गोऱ्यांचाच असल्याचा समज त्यातूनही झाला.

सनस्क्रीन तर सोडूच नका. ऊन हे भडका उडण्याचं मोठं कारण, आणि गोव्यात ते बारा महिने आहे. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं, एसपीएफ 30 किंवा जास्त, बिनवासाचं घ्या. आधी चार दिवस कानामागे लावून बघा.

आता ट्यूब. मला ती फार्मसीच्या काउंटरवर मिळाली, चिठ्ठी कुणी मागितली नाही. आठ दिवसांत तोंड गुळगुळीत झालं, सगळे विचारत होते काय लावतेस. ट्यूब संपली आणि तिसऱ्या रात्री मी उशीवर गाल टेकवू शकत नव्हते, इतकी आग. परत लावली की शांत, थांबवली की चेहरा पेटायचा. असे सात महिने गेले. ते स्टेरॉइड होतं. चेहऱ्यावर फार दिवस लावलं की त्वचा पातळ होते, त्याच्यावर अवलंबून राहते, आणि रोझेशियासारखीच लाली त्यातूनही येते. म्हणूनच 2018 मध्ये केंद्र सरकारने 14 स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही दिसलं तर चेहऱ्याला स्वतःच्या मनाने लावू नका. लावत असाल तर बंद कशी करायची, तेही त्वचेच्या डॉक्टरांना विचारा.

उपचार आहेत. मेट्रोनिडाझोल, अझेलेइक अॅसिड, आयव्हरमेक्टिन ही पुळ्यांवरची मलमं, दिसणाऱ्या रक्तवाहिन्यांना लेझर. फरक दिसायला आठवडे लागतात. बाकी घरात माझ्याकडे तीनच वस्तू आहेत: सौम्य फेसवॉश, सेरामाइडचं (त्वचेच्या आवरणातला स्निग्ध घटक) साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. त्यात कापूर, मेन्थॉल, निलगिरी, अत्तर काही नको, मग डबीवर ‘हर्बल’ लिहिलेलं का असेना.

मावशीला फोन करून तिच्या ट्यूबचा फोटो मागवला. मोमेटासोन निघालं. चार महिने लावतेय. सोमवारी मी तिला डॉक्टरकडे घेऊन जाणार आहे.