नाद करायचा न्हाई

ट्रकच्या मागे लिहिलेलं ‘नाद करायचा न्हाई’ हे वाक्य मी कोल्हापुरात जन्मापासून वाचत आलोय. ते माझ्यासाठी लिहिलंय, हे कळायला मात्र गाडीचे ब्रेक पॅड स्वतःच्या हाताने बदलावे लागले.

पॅड झिजले की गाडी स्वतःहून बोंब मारते. तशी सोयच असते. पॅडला एक छोटी लोखंडी पट्टी असते. माल दोन-तीन मिलिमीटर उरला की ती चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला टेकते आणि चुईं करून ओरडते. माझ्या गाडीने महिनाभर ओरडून पाहिलं. मला वाटायचं, मागच्या रिक्षाचा आवाज आहे. शेवटी बायको म्हणाली, “अहो, रोज तीच रिक्षा कशी असेल?”

गॅरेजवाल्याने पॅड सोडून मजुरीचे सहाशे सांगितले. मी घरी येऊन अकरा मिनिटांचा व्हिडिओ पाहिला. त्यातल्या माणसाचा शर्ट शेवटपर्यंत पांढराशुभ्र होता. संशय तिथेच यायला हवा होता.

रविवारी सकाळी जॅक लावला, चाक काढलं, पॅड धरून ठेवणाऱ्या कॅलिपरचा बोल्ट सोडला. इथवर व्हिडिओ आणि मी बरोबरीने चाललो होतो. मग खाली बसलो. सत्तेचाळिसाव्या वर्षी बसणं सोपं असतं, उठणं नाही. दर वेळी काहीतरी धरून उठावं लागत होतं. हाताला येईल ते धरत होतो. (हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) नवे पॅड जाड, त्यामुळे पॅडला डिस्कवर दाबणारा पिस्टन मागे ढकलावा लागतो. सी-क्लॅम्प नावाचा शिकंजा आवळला, पिस्टन निमूट आत गेला आणि त्याने सारलेलं ब्रेक ऑइल बॉनेटखालच्या डबीतून उतू गेलं. दूध उतू गेल्यावर ज्या चपळाईने मी धावत नाही, त्या चपळाईने धावलो, कारण हे ऑइल रंग खातं.

दोन्ही चाकं झाली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. गाडी फाटकाबाहेर काढली, ब्रेक दाबला, तर पेडल थेट तळाला. मऊ भातात पाय घातल्यासारखं. पिस्टन मागे ढकलल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल पाच-सहा वेळा दाबून तो परत पॅडला टेकवायचा असतो. व्हिडिओत ते दहाव्या मिनिटाला सांगितलं होतं. मी नवव्यालाच जेवायला उठलो होतो. हँडब्रेकने समोरच्या काकांची तुळस वाचवली.

काका बाहेर आले. देवल क्लबातली गाण्याची बैठक न चुकवणारा माणूस. मी म्हटलं, “पॅड बदललेत, आवाज येतोय.” त्यांनी डोळे मिटले. मला गल्लीतून तीन फेऱ्या मारायला लावल्या.

“आवाज एक नाही रे, दोन आहेत. ब्रेक दाबल्यावर येतो तो स्वर. न दाबता येतो तो ताल. चाकाच्या फेऱ्याला एकदा खस्स, दुसऱ्या फेऱ्याला परत खस्स. दोघांचं घराणं वेगळं.”

स्वराचं कारणही त्यांनीच सांगितलं. सारंगीवर गज जसा तारेला क्षणभर चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो आणि तार बोलते, तसंच पॅडचं आणि डिस्कचं. शास्त्राप्रमाणेही हे बरोबर आहे. फक्त माझी सारंगी दसरा चौकातल्या सिग्नलला वाजायची आणि माणसं वळून बघायची.

सल्ले भरपूर आले. साडूने डिस्कवर थोडं तेल सोडायला सांगितलं. म्हणजे आवाज जाईल आणि पाठोपाठ ब्रेकही. हा माणूस माझा विमा एजंट आहे.

पुढच्या रविवारी पुन्हा सगळं खोललं. वर्तमानपत्राखाली पॅड जागेवर धरणारी एक स्प्रिंग क्लिप सापडली. आठवडाभर ती तिथे होती आणि गाडी तिच्याशिवाय फिरत होती. ती बसवली. पॅडच्या पाठीला आणि कानांना ब्रेकचं खास ग्रीस लावलं. अगदी पातळ, ते पुढच्या बाजूला लागलं तर साडूचाच सल्ला पाळल्यासारखं. मग पॅड ‘बसवायचे’ होते. म्हणजे गाडी पन्नासच्या वेगाने न्यायची, ब्रेक दाबून पंधरावर आणायची, थांबवायची मात्र नाही. असं आठ-दहा वेळा करायचं आणि मग गार होऊ द्यायची. पहाटे पाचला फुलेवाडीच्या पुढे गगनबावडा रस्त्यावर हा रियाज केला. मागून दुधाचा टेम्पो येत होता. चौथ्या ब्रेकला तो शेजारी आला, काच खाली झाली.

“शिकाय काढलीसा व्हय?”

स्वर गेला. ताल राहिला.

ताल मोठा चमत्कारिक होता. गाडी डावीकडे वळली की गप्प, उजवीकडे वळली की सुरू. रंकाळ्याला उलटी प्रदक्षिणा घातली तर आवाजच येत नाही असा शोध मला लागला आणि चार दिवस मी ऑफिसला त्या वाटेने गेलो. डावीकडे रंकाळा, मनात शांतता. पाचव्या दिवशी पेट्रोलचा काटा पाहिला आणि कारखाने-गॅरेजांचं उद्यमनगर गाठलं.

तिथे पोचताक्षणी आवाज बंद. दवाखान्याच्या पायरीवर दाढ थांबते तसा. फिटर पोरगा विशीतला असेल. त्याने गाडी न चालवताच विचारलं, “पॅड कुणी बदलल्यात?”

“एकाने.”

त्याने जॅक लावला, चाक हाताने फिरवलं, खस्स ऐकलं आणि डिस्कच्या मागच्या पातळ पत्र्यावर टॉर्च मारला. चिखल आणि खडी डिस्कवर उडू नये म्हणून असतो तो पत्रा. एका कडेला तो आत दबला होता आणि दबलेल्या जागी काळ्या हाताची चार बोटं स्पष्ट उमटली होती.

“सायेब, हे धरून उठला हुता न्हवं त्यो?”

त्याने दोन बोटांनी पत्रा बाहेर ओढला. चाक फिरवलं. काही नाही. पाव मिनिटाचं काम. पैसे विचारले तर म्हणाला, “ऱ्हाऊ द्या. त्याला सांगा, पुढच्या बारीला बसाय स्टूल घ्या म्हणावं.”

निरोप पोचवतो म्हणालो.

संध्याकाळी गल्लीत शिरलो तेव्हा गाडी इतकी गप्प होती की कुत्रंसुद्धा उठलं नाही. काका फाटकाशीच उभे होते. मी काच खाली केली, कौतुकासाठी. त्यांनी हात वर केला, डोळे मिटले, मान किंचित तिरकी केली.

“थांब. मागचं उजवं चाक. इतके दिवस पुढच्या गोंगाटात दबलं होतं.”

मी काच वर केली.