जनरेटरमधलं ‘प्रोटेक्शन’ नक्की कोणाचं?

परवा आत्येभावाने श्रीवर्धनहून व्हॉट्सअॅपवर एका पेट्रोल जनरेटरचं पत्रक पाठवलं. खाली प्रश्न: “दादा, दुकानदार म्हणतो सगळी प्रोटेक्शन आहेत यात. घेऊन टाकू?”

मी वायरिंगची कामं करतो, त्यामुळे नात्यातले असले सगळे प्रश्न फिरून माझ्याकडेच येतात. पत्रक नीट वाचलं. ऑइल अलर्ट, ओव्हरलोड कटऑफ, एव्हीआर (व्होल्टेज एकसारखा ठेवणारं). तिन्ही चांगल्या गोष्टी. फक्त तिन्ही वाचवतात ते जनरेटरला आणि त्यावर चालणाऱ्या फ्रिजला. माणसाला वाचवणारं त्या पत्रकात एक अक्षर नव्हतं, आणि माझं भांडण त्याच्याशीच आहे.

ऑइल अलर्टचं काम साधं: इंजिनातलं ऑइल कमी झालं की इग्निशन बंद. छोट्या इंजिनात ऑइल मावतं जेमतेम अर्धा-पाऊण लिटर, त्यामुळे हे हवंच. जनरेटर उतरत्या जागी ठेवला की ऑइल असूनही तो बंद पडतो. मग कोणीतरी हुशार मेकॅनिक सेन्सरची वायरच काढून टाकतो. महिन्याभराने इंजिन जाम, आणि शिव्या कंपनीला!

ओव्हरलोड ब्रेकरबद्दल मात्र मोठा गैरसमज आहे. दोन केव्हीएच्या जनरेटरवर साधारण नऊ अँपिअरच्या आसपासचा ब्रेकर असतो. एक एचपीचा विहिरीचा पंप सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढतो, तेव्हा ब्रेकर पडतो, म्हणजे लाइन तोडतो. अल्टरनेटर जळत नाही. लोकांना वाटतं शॉक लागला तरी तो पडेल. नाही पडणार. माणसाचा जीव जायला अँपिअरचा छोटासा अंशही पुरतो. त्यासाठी ३० मिलिअँपिअरवर पडणारी आरसीसीबी लागते, म्हणजे करंट गळू लागला की लाइन तोडणारा स्विच. त्यातही मेख आहे. बऱ्याच छोट्या जनरेटरचा न्यूट्रल अर्थिंगला जोडलेलाच नसतो. अशा मशीनवर नुसती आरसीसीबी बसवली तर ती शोभेची. अर्थिंग आणि न्यूट्रलची जोडणी माहीतगाराकडूनच करून घ्यायची, यूट्यूब बघून नाही.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकलं, त्यानंतर कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे दिवे नव्हते. तेव्हा मी गावी गेलो होतो. एका ओळखीच्या घरी जनरेटर घरघरत होता आणि त्याची वायर थेट भिंतीतल्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटमध्ये खोचलेली. वायरच्या दोन्ही टोकांना प्लग! म्हणजे जनरेटरकडचा प्लग लावून दुसरा कोणी चुकून उपटला, तर २३० व्होल्ट उघड्या पिनांवर, मुलांच्या उंचीला.

“मेन पाडलाय हो,” मालक म्हणाले. पाडला होता, खरं आहे. पण रोज संध्याकाळी काळोखात, एका हातात बॅटरी धरून तो आठवणीने पाडणार कोण? एक दिवस राहिला की हाच करंट मीटरमधून उलटा डीपीकडे, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरकडे जातो. ट्रान्सफॉर्मरला उलटसुलट कळत नाही. इकडून २३० घातले की पलीकडे हजारो व्होल्ट. बहुतेकदा शेजाऱ्यांच्या लोडनेच जनरेटर गपकन बंद पडतो, म्हणून लोक म्हणतात, “आम्ही तर नेहमी असंच करतो.” पण वादळात तारा कुठे तुटल्यात, लोड कुठे सुटलाय, कोणाला ठाऊक? आणि नेमका त्याच वेळी खांबावर लाइनमन चढलेला असतो, आपलेच दिवे लावायला. चेंजओव्हर स्विच असला की आठवणीवर काही राहत नाही. एक तर लाइन, नाहीतर जनरेटर.

आता धूर. त्यातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं. आपल्याकडे लगेच निदान: पित्त. कोकम सरबत घेऊन माणूस त्याच खोलीत आडवा होतो. घरातल्या सगळ्यांना एकदम पित्त झालं तर ते पित्त नव्हे, आधी बाहेर पळा. जुलै २०२१ मध्ये चंद्रपूरजवळ दुर्गापूरला एकाच घरातले सहा जण रात्री झोपेत गेले. जनरेटर घरातच चालू होता.

लोक आत का घेतात तेही कळतं. पाऊस, आणि चोरी. कोकणात पडवी म्हणजे आपल्याला बाहेरच वाटतं. पण पडवीतला धूर माजघरात यायला दार उघडं असण्याचीही गरज नाही. कौलांखालची फट पुरते. अमेरिकेत निदान वीस फूट लांब ठेवा आणि धुराचं तोंड घरापासून पलीकडे करा असं सांगतात. तिथल्या जनरेटर उत्पादकांच्या २०१८ च्या मानकात तर कार्बन मोनॉक्साइड वाढला की मशीन आपोआप बंद करणारा सेन्सर आला. मी इथे दुकानांत विचारतो तेव्हा समोरचा म्हणतो, “सायलेन्सर आहे ना साहेब.”

पेट्रोलचं वेगळं सांगायला नको. तरी सांगतो: तापलेल्या मशीनमध्ये ओतू नका, पंधरा-वीस मिनिटं काळोखात बसलात तर काही बिघडत नाही. आणि पाण्याच्या बाटलीत तर पेट्रोल ठेवूच नका.

हे सगळं भावाला फोनवर सांगितलं. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, “म्हणजे घेऊ नको?”

घे की. जनरेटर वाईट नाही. दोन हजार कमीचं मॉडेल घे आणि उरलेल्यात चेंजओव्हर बसव. जुन्या गोठ्याच्या मागे चार पत्र्यांची शेड कर, बाजू उघड्या ठेव, आणि मशीन माडाला साखळीने बांध.

रविवारी चेंजओव्हर बसवायला जातोय. आत्याने घावन करते म्हटलंय.