‘घरी कुणी शिकवलं नाही का?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

एअर फ्रायरमध्ये पोर्क रिब्ज, म्हणजे डुकराच्या बरगड्या, कशा करायच्या ते मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. सकाळी वाचली तेव्हा उत्तर द्यायचं नाही असंच ठरवलं होतं. संध्याकाळ झाली तरी ती डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले. नाव तुम्ही दिलेलं नाही, तेव्हा नुसतंच ‘तुम्ही’ म्हणते.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगते. कुकरला चार शिट्ट्या दिल्या की जे होतं त्याला दीड तास वीज कशाला जाळायची. एअर फ्रायरच्या त्या एवढ्याशा टोपलीत चार माणसांचं मावत नाही. डुकराचं मांस नीट शिजलं नाही तर जंत होतात आणि मी लोकांच्या जिवाशी खेळते आहे. लाकडाचा धूर नाही तर त्या रिब्ज कसल्या. आणि शेवटी हे वाक्य, जसंच्या तसं: “ज्यांना घरात कुणी मांस शिजवायला शिकवलं नाही, त्यांनाच बटण दाबून होणारा स्वयंपाक लागतो.”

टोपलीचं तुमचं बरोबर आहे. चार लिटरच्या टोपलीत रिब्जची अर्धी पट्टी बसते, म्हणजे सहा-सात हाडं, तीही मधून कापून दोन तुकडे केले तर. दोघांचं जेवण होतं. तिसरं माणूस आलं तर पुरवठ्याला काहीतरी दुसरं करावं लागतं. घरात खाणारी माणसं जास्त असतील त्यांनी मोठा ओव्हन वापरावा नाहीतर सरळ पातेलं चढवावं. हे मान्य.

पण ते शेवटचं वाक्य मी सोडून देणार नाही. यंत्राला नावं ठेवा, माझ्या मापांना ठेवा, फोटो आवडला नाही तर तसं सांगा. त्या सगळ्याला उत्तर देता येतं. मी कुठल्या घरातली, मला कुणी काय शिकवलं, यातलं तुम्हाला काहीही ठाऊक नसताना उचलली जीभ लावली टाळ्याला, याला मी प्रतिक्रिया म्हणत नाही. तुमच्या घरातल्या बायकांबद्दल कुणी अनोळखी माणसाने चारचौघांत असं लिहिलं असतं तर तुम्ही गप्प बसला असता का?

माझं माहेर वसईचं, घर कॅथलिक. वसई १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होती, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि ते गेले. डुकराचं मांस लसूण आणि विनेगरमध्ये मुरवायची रीत मात्र आमच्या चुलींवर राहिली. गोव्यात तिचं विंदालू झालं, आमच्याकडे इंद्याल. लग्नघरात आदल्या रात्री मोठाली पातेली लागायची आणि मांस कापायला, लसूण सोलायला शेजारपाजारची माणसं न बोलावता यायची. मी त्या अंगणात वाढले. एप्रिल-मे महिन्यात मसाल्याचे दिवस असायचे. मिरची कडकडीत वाळवायची, धणे, तीळ, खसखस, हळकुंड, एकेक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण एकत्र भाजलं तर खसखस करपते आणि हळकुंड कच्चं राहतं. मग कुटायचं, चाळायचं आणि बिअरच्या तपकिरी बाटल्यांत लाकडी दांड्याने ठासून भरायचं. बाटली तपकिरीच हवी, पांढऱ्या काचेतून उजेड लागला की मसाल्याचा रंग उतरतो. दांडा मारताना बाटली पायांत धरून बसायचं काम माझं असायचं. वर्षभर त्याच बाटल्या पुरायच्या.

आता मांस शिजवण्याबद्दल. आईने मला जे शिकवलं ते असं: मांसाला मीठ, लसूण, हळद, मसाला आणि विनेगर लावून रात्रभर ठेवायचं. दुसऱ्या दिवशी जाड बुडाच्या पातेल्यात घालायचं, वरून पाणी घालायचं नाही. झाकण ठेवायचं आणि पाणी ओतायचं ते झाकणावर. आच मंद. मांसाला स्वतःचं पाणी सुटतं, त्यातच ते शिजतं. मधेमधे झाकण उघडून बघायची परवानगी नव्हती. बरगडीचे तुकडे तळाशी, कारण ते शेवटी होतात. शिजलं की नाही हे घड्याळात बघायचं नाही, हाड दोन बोटांत धरून हलवायचं. हाड मांसात फिरलं की झालं. मग झाकण काढून आच मोठी करायची, पाणी आटू द्यायचं, चरबी कडेला सुटली आणि मांसाला रंग चढला की उतरवायचं. आधी झाकून मंद, मग उघडं टाकून तेज, याच दोन पायऱ्या.

मी लिहिलेली कृती आता पुन्हा वाचा. मांसाला तेच वाटण, तेच माडीचं विनेगर, रात्रभर मुरवलेलं. दोन्ही तुकडे आधी बेकिंग पेपरमध्ये आणि त्यावरून फॉइलमध्ये घट्ट गुंडाळायचे, आत दोन चमचे पाणी. पेपर आत घेतला कारण विनेगर थेट ॲल्युमिनियमला लागू द्यायचं नाही. १५० अंशांवर सव्वा ते दीड तास. बऱ्याच यंत्रांचा टायमर तासाभरात बंद होतो, तो पुन्हा लावावा लागतो. फॉइलच्या आत ओल आहे तोवर आतलं तापमान उकळत्या पाण्याच्या आसपासच राहतं, बाहेर कॉइल कितीही तापलेली असो. झाकणावर पाणी ठेवून आई जे साधायची तेच इथे फॉइल करतं. मग पुडकं उघडायचं, आतला रस वाटीत काढून गॅसवर आटवायचा, त्यात थोडा गूळ घालायचा, तो रिब्जवर फासायचा आणि २०० अंशांवर सहा ते आठ मिनिटं, मधे एकदा उलटून. आच मोठी करून चरबी सुटेपर्यंत आटवायचं, ती ही पायरी. गूळ शेवटीच का, तर आधी लावला तर मांस व्हायच्या आत तो जळून कडू होतो.

यातलं काय मला बटणाने शिकवलं? पंखा आणि कॉइल असलेली ती छोटी भट्टी आहे, बाकी काही नाही. फिलिप्सने २०१० मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात एअर फ्रायर आणला तो तळणाला पर्याय म्हणून, बटाट्याच्या कापांसाठी. बरगडीचं काय करायचं हे त्या यंत्राला माहीत नाही. ते करणाऱ्याला माहीत असावं लागतं आणि ते मला घरात शिकवलेलं होतं, म्हणूनच मला यंत्राकडून काम करून घेता आलं. रिब्ज थेट २०० अंशांवर पंचवीस मिनिटं टाकायला सांगणाऱ्या कृती पुष्कळ सापडतात. त्या रिब्ज बाहेरून काळ्या आणि आतून वादीसारख्या चिवट होतात. मी तसं कुठेही लिहिलेलं नाही. तुम्ही बहुधा कृती पूर्ण वाचलीच नाही, एअर फ्रायर हा शब्द बघून लिहायला घेतलंत.

आणि बटण दाबण्याच्या आधीचं काम तुम्ही हिशेबातच धरलं नाही. रिब्जच्या आतल्या बाजूला, हाडांवर, एक पातळ चकचकीत पापुद्रा असतो. तो राहिला तर मसाला आत जात नाही आणि शिजल्यावर तो कागदासारखा दातांत येतो. मांस विकणारा कोल्ड स्टोरेजवाला तो काढून देईलच असं नाही. चमच्याचा दांडा कडेच्या हाडावर त्या पापुद्र्याखाली सरकवायचा, जरा उचलायचा, बोट आत जाईल एवढी जागा झाली की कोरड्या फडक्याने धरून एका ओढीत खेचायचा. ओल्या हाताने धरला तर निसटतो, घाईत ओढला तर फाटतो आणि मग प्रत्येक हाडावरून वेगळा खरवडावा लागतो. हे मी वसईत ओट्याशी उभी राहून शिकले.

बरगडीला वेळ का लागतो तेही सांगते, कारण तुमचा कुकरचा मुद्दा त्यातच येतो. या मांसात कोलॅजन नावाचं प्रथिन भरपूर असतं, ते चिवट असतं. साधारण ७० अंशांच्या पुढे ते हळूहळू विरघळून जिलेटिन व्हायला लागतं, आणि त्याला तापमानाइतकाच वेळ लागतो. आतलं मांस ९० ते ९५ अंशांपर्यंत जाऊन तिथे थोडा वेळ राहिलं की हाड फिरतं. कुकरमध्ये दाबामुळे तापमान १२० च्या आसपास जातं, म्हणून तिथे लवकर होतं. होतंच, मी नाही म्हणत नाही. पण पाणी घालावं लागतं, चव त्या पाण्यात उतरते आणि शिट्टी एखादी जास्त झाली की मांस हाडावरून गळून पडतं. मला रिब्ज हाताने धरून दाताने सोडवून खायला आवडतात. तुम्हाला कुकरच्या आवडत असतील तर तशा करा. विजेचं म्हणाल तर दीड हजार वॉटचं यंत्र तासाला जास्तीत जास्त दीड युनिट घेतं, प्रत्यक्षात कमीच, कारण कॉइल सारखी चालू राहत नाही.

जंतांची भीती तुम्ही घातलीत, ती मात्र नुसतीच घातलीत. अमेरिकेच्या कृषी खात्याने अखंड तुकड्यांच्या पोर्कसाठी २०११ पासून ६३ अंश आणि वर तीन मिनिटं थांबणं पुरेसं मानलं आहे, त्याआधी ते ७१ सांगत होते. माझ्या रिब्ज ९० च्या पुढे जातात. हाडाला न टेकवता थर्मामीटर खुपसून बघा असंही मी लिहिलं होतं. कच्च्या मांसातून पट्टकृमी आतड्यात होतो हे खरं, पण मेंदूत गाठी होतात त्या त्याची अंडी पोटात गेल्याने, म्हणजे माणसाच्या विष्ठेने दूषित झालेलं पाणी आणि न धुतलेल्या भाज्यांतून. शाकाहारी माणसालाही त्या होतात. डुकराचं मांस खाणाऱ्यांना आयुष्यभर हे ऐकवलं जातं, म्हणून एकदा स्पष्ट लिहून ठेवते.

धुराबद्दल फार लिहीत नाही. अमेरिकेत कॅन्सस सिटी, मेम्फिसकडे लाकडाच्या धुरात ११०-१२० अंशांवर पाच-सहा तास रिब्ज ठेवतात, ती चव एअर फ्रायरमध्ये येत नाही आणि येते असं मी म्हटलेलं नाही. पण जगात रिब्ज काही तेवढ्याच नाहीत. कॅन्टोनीज लोक आंबवलेल्या काळ्या सोयाबीनसोबत त्या नुसत्या वाफवतात. आमच्या पातेल्यातही धूर कधी नव्हता.

आता मुळात मी एअर फ्रायर का घेतला ते. शहरात नोकरीला आले तेव्हा ज्या घरात भाड्याने राहायचे तिथल्या मालकांनी करारात न लिहिता तोंडी सांगितलं होतं, “मच्छी-मटण चालेल, ते दुसरं नको.” पातेलं दोन तास मंद आचेवर ठेवलं की वास जिन्यात जाणार, आणि वास गेला की दार वाजणार. कित्येक महिने मी ते मांस फक्त माहेरी गेल्यावर खाल्लं. पुढे घर बदललं, पण शेजार तोच, खिडक्या समोरासमोर. फॉइलमध्ये बांधलेलं मांस बंद टोपलीत शिजतं तेव्हा वास कोंडलेला राहतो, शेवटची सात-आठ मिनिटं सोडली तर. टोपलीखालच्या भांड्यात अर्धी वाटी पाणी ठेवलं की ठिबकणारी चरबी जळून धूर होत नाही. माझ्यासारख्या भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या, एका शेगडीवर सगळं करणाऱ्या पुष्कळ मुलामुलींनी ती कृती करून मला लिहिलं. नोकरीसाठी गाव सोडलेल्या एका मुलीने लिहिलं की नाताळाला सुट्टी मिळाली नाही, पण घरच्यासारखं जेवण झालं. तुमच्या चुलीवरच्या चवीच्या आग्रहात या लोकांना जागा कुठे आहे? त्यांनी चूल कुठे मांडायची?

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. मात्र माझ्या घरच्यांबद्दलचं ते शेवटचं वाक्य मागे घ्या. त्यानंतर कुकरवर बोलू: पाणी किती घालता, शिट्ट्या मंद आचेवर की मोठ्या, आणि तो रस नंतर आटवता की ओतून देता, हे सविस्तर लिहा. आटवत असाल तर मी तुमच्या पद्धतीने एकदा करून बघेन आणि कशा झाल्या ते इथेच लिहीन.